जुन्या ट्रॅक्टरास जुना लोडर : घेण्यापूर्वीं व बसविण्यापूर्वीं

उकिरडा उपसून शेणखत ट्रॉलींत भरणें हें काम किती माणसें खातें, हें ज्यांच्या गोठ्यांत पांच-दहा जनावरें आहेत त्यांस सांगावयास नको. पूर्वीं पाट्या टाकणारीं माणसें मिळत. आतां मिळत नाहींत, आणि मिळालीं तर भरण्याची मजुरी खताच्या किंमतीस जाऊन भिडते. त्यामुळें गेल्या कांहीं वर्षांत आमच्या कृष्णाकाठच्या गांवांतून ट्रॅक्टराच्या तोंडास लोडर बसविण्याची चाल पडत चालली आहे. नवा लोडर परवडत नाहीं म्हणून जुना पहावयाचा, आणि ट्रॅक्टरहि घरचा पंचवीस-तीस वर्षें वापरलेलाच. ह्या दोन जुन्यांची गांठ घालतांना काय मोजावें, काय पहावें व काय लिहून घ्यावें, तें येथें सांगावयाचें आहे. आम्ही मेस्त्री नव्हे. आमची उभी हयात तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. परंतु ह्या व्यवहारांत आम्ही एकदां चांगलेच पोळलों, व त्यानंतर जें शिकलों तें हिशेबाच्या रीतीनें मांडलें तर दुसऱ्या कोणाचे पैसे वांचतील असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम यंत्राविषयीं थोडेंसें. माती उचलणाऱ्या प्रत्येक पिवळ्या यंत्रास आपल्याकडे लोक 'जेसीबी' म्हणतात. हीं तीन अक्षरें जोसेफ सिरिल बामफर्ड ह्या इंग्रज गृहस्थाच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. त्यानें १९४५ सालीं लहानशा जागेंत ट्रेलर तयार करून धंदा आरंभिला, आणि १९४९ च्या सुमारास फोर्डसन मेजर ट्रॅक्टराच्या पुढें तेलाच्या दाबानें उचलणारा लोडर बसविला. म्हणजे मूळ कल्पना हीच कीं, शेतांतला ट्रॅक्टर घ्यावयाचा व त्यास हात जोडावयाचे. पुढें तें यंत्र वेगळें निघालें व त्यास स्वतःचा भक्कम सांगाडा मिळाला. शेतीच्या ट्रॅक्टरास मात्र बहुधा असा सांगाडा नसतो. इंजिन, क्लचची पेटी, गिअरची पेटी व मागचा एक्सल हे बिडाचे ओतीव भाग एकास एक बोल्टांनीं जोडून त्यांचाच कणा केलेला असतो. १९१७ सालीं निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरापासून ही रीत रूढ झाली. मागून नांगर ओढण्यास हा कणा उत्तम आहे. पुढून ओझें उचलण्यास तो केलेला नाहीं. लोखंडी पाटी वांकते व वांकल्याचें डोळ्यांस दिसतें. बीड वांकत नाहीं, तें तडकतें, आणि तडकेपर्यंत कांहीं सांगत नाहीं.

आमचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, ३ सिलिंडरांचा, वडिलांनीं १९९४ सालीं घेतलेला. शेती आतां आमचा पुतण्या पाहतो. त्यानें शेजारच्या तालुक्यांतून ७५,००० रुपयांस एक लोडर आणला. लोडर वाईट नव्हता; पण तो दुसऱ्या जातीच्या व मोठ्या ट्रॅक्टरावरून उतरविलेला होता, आणि त्याची बैठक, म्हणजे लोडरास ट्रॅक्टराशीं धरून ठेवणारा पाट्यांचा जोड, आपल्या ट्रॅक्टरास बसण्याजोगी नव्हती. ती तेथेंच सोडून नुसते हात व बकेट घेऊन पुतण्या आला. गांवाजवळच्या एका वर्कशॉपांत नवी बैठक करविली. दोन जाड पाट्या पुढच्या सपोर्टास व क्लचच्या पेटीच्या बोल्टांस अडकविल्या आणि काम झालें म्हणून सांगण्यांत आलें. ह्यास मागें कोठें आधार नको काय, असें आम्हीं विचारलें. मेस्त्री म्हणाला, "भाऊसाहेब, कागदाचं तुम्ही बघा, लोखंडाचं आम्ही बघतो." आम्ही गप्प बसलों, ही आमची चूक. सात आठवड्यांनीं निम्मा उकिरडा उपसून झाला असतां क्लचच्या पेटीच्या सांध्याशीं तेल पाझरूं लागलें. पुसून पाहिलें तों बोल्टाच्या भोकापासून वीतभर चीर गेलेली. ट्रॅक्टर मधून दोन भाग करून उघडावा लागला, जुनी पेटी भंगाराच्या बाजारांत शोधण्यांत ऐन लागणीचे पंधरा दिवस गेले, आणि एकंदर खर्च ३८,००० रुपये आला. लोडराच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम एका न विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नापायीं गेली.

यासाठीं लोडर पहावयास जाण्याच्या अगोदर घरच्या ट्रॅक्टराचा जमाखर्च मांडावा. साखर कारखान्याचा अगर जवळपासचा कोणताहि वजनकाटा चालेल. त्यावर प्रथम फक्त पुढचीं चाकें चढवून वजन घ्यावें, मग फक्त मागचीं. आमच्या ट्रॅक्टराचे आंकडे सोईसाठीं पूर्ण करून सांगतों : पुढें ७०० किलो, मागें १,१००, मिळून १,८००. पुढच्या व मागच्या एक्सलमधील अंतर २ मीटर. आतां तरफेचा नियम असा कीं, पुढच्या एक्सलच्याहि पुढें जें ओझें लोंबतें, तें सबंध पुढच्या चाकांवर पडतेंच, शिवाय मागच्या चाकांवरून कांहीं भार उचलून तोहि पुढें आणून टाकतें. किती, तें काढण्यास ओझ्याचें पुढच्या एक्सलपासूनचें अंतर घेऊन त्यास दोन्ही एक्सलमधील अंतरानें भागावें. बकेट आमच्या एक्सलच्या दीड मीटर पुढें होती. दीडास दोनांनीं भागलें म्हणजे पाऊण. बकेटींत ५०० किलो भरलें तर त्याचे पाऊणपट, म्हणजे ३७५ किलो, मागून उठतात आणि पुढें ८७५ जाऊन बसतात. लोडराचें स्वतःचें वजन ४०० किलो. त्याचा मध्य अर्धा मीटर पुढें धरला तर मागून १०० उठतात व पुढें ५०० पडतात.

बेरीज करूं. पुढें ७०० अधिक ५०० अधिक ८७५, म्हणजे २,०७५ किलो. मागें १,१०० वजा १०० वजा ३७५, म्हणजे ६२५. ताळा पहावा : ट्रॅक्टर, लोडर व माल मिळून २,७००, आणि २,०७५ व ६२५ हेहि २,७००. पुढच्या एक्सलवर मूळच्या जवळजवळ तिप्पट भार आला, आणि मागें निम्म्याच्या जवळपासच उरला. येथें वाचकांनीं एक गोष्ट आठवावी. आपल्या साध्या ट्रॅक्टरास ओढ मागच्या चाकांची असते आणि ब्रेकहि मागच्याच चाकांस असतात. मागचीं चाकें हलकीं झालीं म्हणजे ट्रॅक्टर उकिरड्यांत शिरत नाहीं, आणि उतारावर थांबतहि नाहीं. हा आंकडा आम्हीं अगोदर कागदावर मांडला असता तर मेस्त्रीशीं बोलण्यास आमच्याजवळ कांहीं तरी आधार असता.

ह्यावर उपाय दोन, आणि दोन्ही करावे लागतात. पहिला, मागें प्रतिभार लावणें. २०० लिटरचा रिकामा पिंप घेऊन त्यांत १६५ लिटरपर्यंत काँक्रीट भरलें कीं सुमारें ४०० किलो वजन होतें. भरतांनाच त्यांत जाड नळी व पिना पक्क्या बसवून तो तीन दांड्यांच्या लिफ्टवर उचलतां येईल असा करावा. हा पिंप मागच्या एक्सलच्या १ मीटर मागें राहिला तर मागें ६०० किलो वाढतात व पुढचे २०० कमी होतात. मागच्या चाकांत पाणी भरणें चांगलेंच, त्यानें पकड वाढते. पण त्यानें पुढच्या एक्सलचा भार कमी होत नाहीं, कारण तें वजन मागच्या एक्सलवरच असतें, त्याच्या मागें नव्हे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दुसरा उपाय, माल कमी उचलणें. ५०० च्या जागीं ३०० किलो धरले व मागें पिंप लावला, तर पुढें १,५२५ व मागें १,३७५ असा भार पडतो. ट्रॅक्टर अशा वजनावर चालतो, वळतो व थांबतो. आम्हीं हाच आंकडा कायम केला.

परंतु ३०० किलो हे बकेटींत कोठपर्यंत येतात हें ओळखावें कसें? अर्धवट कुजलेलें शेणखत घनमीटरास साधारण ५०० ते ७०० किलो भरतें, आणि ओली माती १,६०० च्या वर. पाऊण मीटर लांबी-रुंदीच्या हिशेबानें बोलण्यापेक्षां असें सांगतों कीं, जी बकेट शेणखतानें कांठोकांठ भरून २७० किलो होते, तीच ओल्या मातीनें भरली तर साडेसातशेंच्या वर जाते. बकेट तीच, उचलणारा दांडा तोच, आणि तेलाचा दाब पुरेसा असला तर ती उचललीहि जाते. उचललें गेलें म्हणजे झेपलें असा जो समज आहे, त्यानेंच पुढचे एक्सल मोडतात. खतासाठीं घेतलेल्या लोडरानें मुरूम भरावयाचाच असेल तर बकेट तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरूं नये.

पुढच्या एक्सलची तपासणी जॅक लावून करावी. चाक उचलून वर-खालीं व आडवें हलवावें. किंगपिन, बुश व मधली पिन झिजलेली असली तर ती अगोदर बदलावी, लोडर मागाहून. टायराच्या बाजूवर त्यास किती भार चालतो तें छापलेलें असतें, तें वाचावें. ६.००-१६ चे टायर अशा कामास कमी पडतात, ७.५०-१६ बसत असले तर बरें. साधें स्टीअरिंग भरलेल्या बकेटीनिशीं काळ्या जमिनींत फिरवून पहावें, म्हणजे पॉवर स्टीअरिंगचा खर्च अगोदरच हिशेबांत धरावा असें कोणी वेगळें सांगावें लागणार नाहीं.

आतां लोडर पहाण्याविषयीं. नव्या रंगास भुलूं नये. जुन्या लोडरावर ताजा रंग दिसला तर तो कोठें दाट आहे तें पहावें. चिरा पडतात त्या बहुधा हातांच्या वांकणाशीं, पिनांच्या भोकांभोंवतीं व सिलिंडर जेथें जोडला असतो त्या कानांशीं. जुन्या वेल्डिंगवर वेल्डिंग असेल तर तेथें एकदां तुटलें आहे असें समजावें. दोन्ही हात एका पातळींत आहेत कीं नाहींत हें बकेट सपाट फरशीवर टेकवून कळतें. एक कोपरा अधांतरीं राहिला तर हात पिळलेले आहेत. पिना झिजल्या तर त्या नव्या मिळतात, पण भोकें लंबगोल झालीं असलीं तर तीं भरून पुन्हा गोल करावीं लागतात व त्यास लेथवाल्याचा पैसा लागतो. सिलिंडराचा दांडा, ज्यास लोक नुसता रॉड म्हणतात, आरशासारखा असावा. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवें सील घातलें तरी तें थोड्याच दिवसांत कापलें जातें. शेवटीं एक परीक्षा अवश्य घ्यावी. बकेट भरून कमरेइतकी उचलावी, इंजिन बंद करावें, दांड्यावर खडूनें खूण करावी आणि विकणाऱ्याशीं दहा मिनिटें चहा-पाण्याचें बोलणें करावें. खूण बोटभराहून अधिक सरकली असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गेला आहे, व तितकी रक्कम किंमतींतून तोडून मागण्यास संकोच करूं नये. ह्या वेळांत बकेटीखालीं कोणी उभें राहूं नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बैठकीचा. ती आपल्याच जातीच्या ट्रॅक्टराची व संपूर्ण मिळत असेल, तर दहा-पंधरा हजार अधिक देऊनहि तोच लोडर घ्यावा. बैठकीवांचून मिळणारा लोडर स्वस्त दिसतो, परंतु बैठक करविण्याचा खर्च व ती चुकण्याचा धोका, दोन्ही घेणाऱ्याच्या माथीं पडतात. चांगल्या बैठकीची ओळख अशी : इंजिनाच्या दोन्ही बाजूंनीं दोन लांब तुळ्या पुढच्या सपोर्टापासून निघून मागच्या एक्सलच्या नळ्यांपर्यंत जातात व तेथें पक्क्या धरलेल्या असतात, पुढें रेडिएटरासमोर एक आडवा जोड दोन्ही तुळ्यांस बांधतो. अशा रचनेंत लोडराचा धक्का बिडाच्या पेट्यांस न लागतां तुळ्यांतून मागच्या एक्सलकडे जातो. मधल्या पेट्यांस तुळई धरली तरी ती केवळ आधारापुरती. भार तेथें उतरतां कामा नये. आमची दुसरी बैठक ह्या रीतीनें केली, ती दुसऱ्या कारागिराकडून, आणि कागदावर आकृति काढून दिल्यावर.

करवून घेतांना पाळावयाच्या दोन-तीन गोष्टी. ट्रॅक्टराच्या मूळ बिडावर वेल्डिंग करूं देऊं नये, तें टिकत नाहीं व शेजारचें बीड चिरतें. एक्सलला नवें भोक पाडूं देऊं नये. मूळचे बोल्ट काढून लांब बोल्ट घालावयाचे असतील तर ते उच्च ताकदीचे, डोक्यावर आंकडा कोरलेले असावेत. बाजारचे साधे बोल्ट चालत नाहींत. जवळपास वेल्डिंग चालू असतां बॅटरीची तार काढून ठेवावी. आणि इंजिनाचें तेल व फिल्टर बदलण्यास हात जाईल इतकी जागा तुळ्यांच्या मध्यें ठेवावी. हें आम्हांस पहिल्या वेळीं सुचलें नव्हतें, आणि फिल्टर बदलण्यासाठीं दर वेळीं एक पाटी सोडावी लागे.

तेलाची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप गिअरपेटीच्या तेलांतच बुडालेला असतो. तो मागची लिफ्ट उचलण्यापुरता केलेला. एकेरी क्लच असेल तर क्लच दाबला कीं तोहि थांबतो. त्यावर लोडर चालविला तर काम सावकाश होतें आणि गिअरपेटीचा सर्व गाळ व्हॉल्व्हमधून फिरतो. ६३ मिलिमीटर व्यासाचे व ६०० मिलिमीटर धांवेचे दोन सिलिंडर पूर्ण उघडण्यास सुमारें पावणेचार लिटर तेल लागतें. मिनिटास १८ लिटर देणारा पंप त्यास साडेबारा सेकंद घेतो, ३० लिटरचा साडेसात. क्रँकच्या पुलीवरून चालणारा वेगळा गिअर पंप, त्याची वेगळी टाकी व फिल्टर हीं बसविलेलीं बरीं. व्हॉल्व्हवरील दाबाचा स्क्रू आवळून अधिक ओझें उचलण्याचा मोह मात्र टाळावा. आणि होजमधून तेल कोठें फवारतें हें हातानें चांचपून पाहूं नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पहावें. दाबाचें तेल कातडींतून आंत शिरतें. जखम कांटा टोंचल्याइतकी दिसते, पण आंतील मांस सडतें. असें झाल्यास दुखण्याची वाट न पाहतां त्याच घटकेस इस्पितळ गांठावें व डॉक्टरांस तेल शिरल्याचें स्पष्ट सांगावें.

आतां कागद, जो आमचा प्रांत. लोडरास नोंदणीचें पुस्तक नसतें, म्हणून विक्रीची पावती हाच त्याचा दाखला. तींत विकणाऱ्याचें पूर्ण नांव व गांव, लोडरावरील पट्टीचा क्रमांक, बैठक सोबत आहे कीं नाहीं, व रक्कम आंकडी-अक्षरी असावी. लोडर बँकेच्या कर्जांतून अगर सरकारी अनुदानांतून घेतलेला असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला व विक्रीस मुभा असल्याची खातरी करून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील वर्णनाशीं विसंगत असा बदल परवानगीवांचून वाहनांत करतां येत नाहीं. यास्तव लोडर बसविण्यापूर्वीं परिवहन कचेरींत विचारावें, आणि विमा कंपनीस लेखी कळवून पोंच ठेवावी.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा कधींहि सांगत नाहीं. लोडर दारांत उभा राहिला कीं चार दिवसांत कोणी तरी येतो व ओढ्यांतली वाळू किंवा माळावरला मुरूम भरून दे म्हणतो. भाडें चांगलें असतें. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ चें पोटकलम (७) असें आहे कीं, विनापरवाना गौण खनिज काढल्यास बाजारभावाच्या पांच पटींपर्यंत दंड होतो. आणि पोटकलम (८) प्रमाणें त्या कामीं वापरलेलें यंत्र व वाहन जप्त होतें. अशा जप्तीचे कागद आम्हीं आमच्या हातानें लिहिले आहेत. मुरूम ज्याचा तो निघून जातो. कचेरीच्या आवारांत पावसांत भिजत उभा राहतो तो शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. परवान्याचा कागद डोळ्यांनीं पाहिल्यावांचून चावी फिरवूं नये, आणि ह्यांत नातेवाईकाचा शब्द कागदाच्या जागीं चालत नाहीं.

चालविण्याचे नियम पुतण्यानें शेडच्या भिंतीवर लिहून ठेविले आहेत. भरलेली बकेट गुडघ्याएवढी खालीं ठेवून चालावें, ट्रॉलीजवळ गेल्यावरच उंचवावी. उंच बकेटीनिशीं वळूं नये. ट्रॅक्टर आडवा जातो तो बहुधा असाच. बकेटींत माणूस बसवूं नये, आंबे उतरविण्यासाठींहि नाहीं. पिंप लावल्याखेरीज लोडर जोडूं नये. दर आठ तासांनीं सर्व पिनांस ग्रीस द्यावें.

खताचा हंगाम संपला कीं आम्ही लोडर उतरवितों, म्हणजे उरलेलें वर्ष पुढच्या एक्सलवर फुकटचे पांचशें किलो रहात नाहींत. उतरवितांना बकेट जमिनीस टेकवावी, इंजिन बंद करून दोन्ही दांडे पुढें-मागें हलवून तेलाचा दाब मोकळा करावा, मगच होज सोडावे व त्यांचीं तोंडें कापडानें न बांधतां टोपणांनीं बंद करावीं. लोडर स्वतःच्या पायांवर उभा राहतो, पण काळी जमीन पावसाळ्यांत मऊ पडते. म्हणून पायांखालीं जाड फळ्या घालाव्या, आणि तो मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावा.